पाणी कुठी जाईन?

आमच्या अकोल्याच्या घरात पाणी सांडणं हा गुन्हा होता. तशा सगळ्याच आया पाणी सांडलं की ओरडतात, पण माझ्या आईचं ओरडणं निराळं होतं, कारण बाहेरच्या खोलीत पेला लवंडला तर पाणी मोरीकडंच जाईल याचा काही नेम नव्हता. घर काळ्या मातीवर उभं. ज्यांनी आमची काळी माती फक्त मोटारीच्या खिडकीतून पाहिली आहे त्यांना सांगते, ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकते आणि तिला अख्खा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं घर बिचारं तिच्याबरोबर वरखाली होतं. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला एखादं दार लागेनासं व्हायचं, सुतार येऊन रंधा मारून जायचा, आणि आई म्हणायची, "घरानं कूस बदलली वाटते." मग दिवाळीची धुणीपुसणी सुरू करायच्या आधी ती खोलीच्या मधोमध एक लोटा पाणी ओतायची आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. वर्षातून तेवढं एक पाणी सांडायची मुभा, आणि तीही फक्त तिला. मागच्या साली गुमान मोरीकडं गेलेलं पाणी यंदा थोडं सरळ जाऊन देवघराकडं वळायचं. "पाह्य शैले, यंदा देवाच्या अंगावर चाललं." त्यावरून मग माठ कुठं ठेवायचा, जेवायला पाट कुठं मांडायचे, फरशी धुताना खराट्यानं पाणी कुठून कुठं लोटायचं ते ठरायचं.

पाण्याकडं बघायची नजर मला तिथून लागली. उभ्या माणसाला उतार दिसत नाही. ओणवं व्हायचं, गाल जवळजवळ फरशीला टेकवायचा आणि एक डोळा मिटायचा, की फरशी कुठं खांदा उचलते आणि कुठं पोट सोडते ते आपोआप कळतं. शाळेत मला गणित कधी आलं नाही, पण आमच्या गल्लीतल्या कुठल्याही ओसरीवर पाणी कुठं जाईल ते मी ओतायच्या आधी सांगायची. आईला याचं भारी कौतुक. बाबांना त्याहून जास्त, आणि त्याचं कारण होतं गोल्फ.

हसा, हसून घ्या. अकोल्यात गोल्फ म्हटलं की माझ्या सुना अजूनही हसतात. पण होता बाप्पा! गावाबाहेर एका जुन्या क्लबचं मोठं माळरान होतं, त्यावर नऊ भोकं. हल्ली टीव्हीवर दिसतं तसलं गालिच्यासारखं गवत आमच्या उन्हात जगलंच नसतं. म्हणून भोकाभोवती वाळूत मोटारीचं जळकं ऑइल कालवून, वर रूळ फिरवून, गोल अंगणासारखी चापूनचोपून जागा केलेली असायची. रंग काळपट तपकिरी, म्हणून तिला म्हणायचे ब्राऊन. भोकात वनस्पती तुपाचा डबा पुरलेला. चेंडू पडला की टण्ण असा आवाज व्हायचा, आणि तो दोन शेतं पलीकडं निंदणाऱ्या बायांनाही ऐकू जायचा. ब्राऊनवर पावलं उमटतात, म्हणून तिथं एक लाकडी फळी ठेवलेली असायची. चेंडू मारायच्या आधी ती फळी ओढून चेंडूपासून भोकापर्यंत पट्टा सारखा करून घ्यायचा, हा नियम. वरची वाळू सारखी व्हायची. खालची काळी माती कोणाच्या बापाचं ऐकत नव्हती.

माझे बाबा गुरांचे सरकारी डॉक्टर. पगार सरकारी, हात सोन्याचा, जीभ तिखटाची. असा माणूस वकील-व्यापाऱ्यांच्या क्लबात शिरला कसा, तर क्लबच्या सेक्रेटरी वकीलसाहेबांची म्हैस अडली होती. बाबांनी खांद्यापर्यंत हात घालून वगार सुखरूप बाहेर काढली आणि वकीलसाहेबांनी त्या आनंदात त्यांना सभासद करून टाकलं. बाबांना चेंडू लांब मारता येत नव्हता. जुन्या बाजारातून आणलेल्या तीन काठ्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मारताना तोंडानं "हॅ तिच्या!" पण एकदा का चेंडू ब्राऊनवर आला की तिथं बाबांचं राज्य. लहानपणी बाळापूरच्या किल्ल्याच्या चढावर कंचे, म्हणजे गोट्या, खेळलेला माणूस तो. चेंडू सरळ भोकावर मारणाऱ्यांची त्यांना कीव यायची. ते म्हणायचे, "जोवर चेंडूच्या अंगात जोर हाय तोवर तो उताराले मोजत नाई. थकला का उतार त्याले हाताले धरून नेतो. तठी त्याची मुरड पाहा." मुरड हा त्यांचा शब्द. चेंडू भोकाच्या चांगला दोन हात डावीकडून निघायचा, लोकांना वाटायचं गेला वाया, आणि मग शेवटाला, अगदी थकल्यावर, तो हळूच उजवीकडं मान वळवायचा आणि डब्यात उतरायचा. त्या वेळी बाबांचा चेहरा बघावा. तोंड अर्धं उघडं, हातातली काठी विसरलेली. मी रविवारी सकाळी त्यांचा चहाचा थर्मास आणि आईनं दिलेले डाळीचे वडे घेऊन जायची. वडे मीच अर्धे संपवायची.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या घरातले दिवे मंद झाले. असं बाबांचं म्हणणं. ते लाईनमनशी भांडून आले, व्होल्टेज कमी देता म्हणून. घरातले सगळे बल्ब बदलले. मग पेपरवाल्याशी भांडले, शाई फिकी वापरता म्हणून. दिवस मावळल्यावर मोटारसायकल चालवणं त्यांनी सोडलं, तर म्हणे डोळ्यात किडे जातात. पातूरकडच्या खेड्यात गुरं बघायला जायचं असलं की मला मागं बसवायचे, आणि मी समोर बैलगाडी आली की "बाबा, गाडी" म्हणायचं असं न ठरवता ठरून गेलं. सुई टोचताना पूर्वी ते बैलाशी गप्पा मारत टोचायचे. आता गप्प राहून मानेवर तळहात फिरवत जागा शोधायचे. आई त्यांच्या ताटातला भात आधी बोटांनी चिवडून खडे काढायची आणि मग वाढायची. एकदा तिनं हिय्या करून म्हटलं, "अवो, डोये दाखवून घ्या ना एकदा." बाबांनी ताट सरकवलं. "माया डोयाले काई झालं नाई. व्होल्टेज पाहा आधी!"

त्यांच्या रागाचं मूळ आम्हाला ठाऊक होतं. माझे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांचा मोतीबिंदू कोणीतरी जत्रेतल्या तंबूत काढला होता. पट्टी सोडली तेव्हा डोळ्यात पू होता, आणि मग दुसराही गेला. बाबा तेव्हा पोरसवदा. आबांच्या काठीचं एक टोक हातात धरून ते त्यांना शेतावर न्यायचे, आणायचे. खाटेपासून विहिरीपर्यंत भिंतीला आबांच्या हाताचा तेलकट पट्टा उमटला होता, तो मीही पाहिला आहे. गाईच्या पोटात सुरी घालणारा माझा बाप स्वतःच्या डोळ्याला कोणी हात लावू म्हटलं की लहान पोरासारखा भ्यायचा. माझी स्वतःची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं मागच्या वर्षी झाली. चहा गार व्हायच्या आत उरकलं, काळा चष्मा लावून मी रिक्षानं घरी आले आणि संध्याकाळी भाकरी थापल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकू, तुम्ही एवढ्या घाबरल्या का होतात? त्या पोरीला काय सांगणार!

दिवाळीनंतर आमचे अकोल्याचे आणि अमरावतीचे लोक मिळून एक दिवस खेळायचे. बक्षीस वगैरे काही नाही, खेळून झालं की नवव्या भोकाजवळच्या कडुलिंबाखाली गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. अमरावतीकडून दरवर्षी हमीदकाका यायचे. बाबांचे बाळापूरचे जिवलग, एका बाकावरचे, एकाच कंच्यासाठी एकमेकांची डोकी फोडलेले. ते अमरावतीला डोळ्यांचे डॉक्टर. दोघं एकमेकांना शिव्यांशिवाय बोलायचे नाहीत आणि दरवर्षी एकमेकांविरुद्धच खेळायचे. त्या साली पाचव्या भोकापर्यंत सगळं ठीक होतं. पाचव्यावर बाबांनी रुबाबात फळी ओढली, चेंडूमागं उभं राहून मान हलवली आणि नेहमीसारखा दोन हात डावीकडं मारला. चेंडू गेला तो गेलाच. मुरडायचं नावच नाही. उलट डावीकडंच घसरत ब्राऊनच्या बाहेर, शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीत शिरला. सगळे खो खो हसले. मी ओणवी होऊन पाहिलं. पावसाळ्यात ब्राऊननं कूस बदलली होती, आमच्या घरासारखी. कालपरवा रूळ फिरवणाऱ्या माळ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत कोणालाही दिसावा एवढा उतार आता उलटा झाला होता. बाबांनी तो पाहिलाच नव्हता. ते मागच्या सालचा उतार आठवून खेळत होते. आठवून! आणि मग माझ्या ध्यानात आलं, की ते सगळंच आठवून करत होते. घरातल्या पायऱ्या, दवाखान्यातलं कपाट, पातूरचा रस्ता.

हसले नाहीत ते एकटे हमीदकाका. ते सावकाश माझ्याजवळ आले आणि थर्मासमधून चहा ओतून घेत हळूच म्हणाले, "बेटा, तुझ्या बाबाले किती दिसते? सच बोल." मी नुसती रडायला लागले. काकांनी चहा तसाच मातीत ओतला.

नवव्या भोकाला बाबांचा चेंडू ब्राऊनच्या पार कडेला येऊन थांबला, भोकापासून आमच्या ओसरीच्या लांबीएवढा दूर. काकांचं खेळून झालं होतं. ते भोकाजवळ उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अबे दाद्या, शर्त लावतो का?"

"लाव ना बे."

"हा चेंडू पाडला तं तू जिंकला. मग मी तुया डोयाची गोठ जिंदगीभर काढणार नाई. अल्लाकसम, तोंड बंद. नाई पडला, तं चुपचाप माया टेबलावर येऊन झोपायचं."

बाबांचं तोंड लालबुंद झालं. "माया डोयाले काई—"

"पिकून राह्यलं ते दाद्या. फुटलं ना आतल्या आत, तं मग मी बी काई करू शकत नाई. तुया आबासारखं भिंत धरून चालशीन."

आबांचं नाव काढायला नको होतं. पण हमीदकाकांशिवाय दुसरं कोणी काढूही शकलं नसतं. बाबांनी काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "मंजूर." त्यांनी फळी ओढून घेतली, चेंडूशी आले, आणि तिथं घुटमळले. मी थर्मास घेऊन जवळच होते. माझ्याकडं न बघता, ओठ न हलवता ते पुटपुटले, "शैले. पाणी कुठी जाईन?"

माझ्या बापानं आयुष्यात कोणाला काही विचारलेलं मला आठवत नाही. रस्ता चुकला तरी ते विचारायचे नाहीत. मी गुडघ्यावर बसले, गाल वाळूजवळ नेला. जळक्या ऑइलचा तो वास अजून नाकात आहे. पट्टा आधी सरळ होता, मध्ये थोडा चढ, आणि मग भोकाच्या अलीकडं जमीन उजवीकडं, लिंबाच्या झाडाकडं, चांगलीच कलली होती. पाणी तिथून उजवीकडंच गेलं असतं. म्हणजे मारायचा डावीकडं, तीन हात तरी, आणि असा की चढ ओलांडेपर्यंत त्याचा जीव जावा. मला सगळं लख्ख दिसत होतं. आणि हेही दिसत होतं, की मी नुसतं 'उजवीकडं मारा' म्हटलं तर बाबा उजवीकडं मारतील, हरतील आणि त्यांचे डोळे वाचतील. खरं सांगितलं तर बहुतेक जिंकतील आणि भिंतीला पुन्हा एक तेलकट पट्टा उमटेल. एका शब्दाचा खेळ होता. हमीदकाका माझ्याकडं टक लावून बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यात काय होतं ते मला कळत होतं. सांग पोरी, चुकीचं सांग.

मी वर पाहिलं. बाबा मान थोडी कलती करून माझ्या आवाजाची वाट बघत उभे होते. आबा असेच उभे राहायचे म्हणे, काठीचं दुसरं टोक कोणीतरी धरेपर्यंत. माझ्याच्यानं झालं नाही. काठी हातात दिलेल्या माणसाला कोणी आड वाटेनं नेतं का हो? मी म्हटलं, "डावीकडं बाबा. तीन हात. मधात चढ हाय, शेवटाले लिंबाकडं जाईन."

"तीन हात म्हंजे कुठी? तू तठी जाऊन उभी राय आन आवाज दे."

मी जाऊन उभी राहिले. हे नियमात बसतं का ते मला विचारू नका, त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. मी ओरडले, "बाबा, अठी! माया पायाकडं!" त्यांनी माझ्या आवाजाकडं तोंड केलं, पाय रोवले आणि मारला. चेंडू माझ्या दिशेनं आला, चढावर दमला, वाटलं थांबला. मग कोणी हाक मारावी तसा तो उजवीकडं वळला. सावकाश, अगदी सावकाश, लिंबाच्या सावलीत शिरला आणि टण्ण.

काय गलका झाला म्हणता! वकीलसाहेबांनी टोपी उडवली. माळी नाचला. हमीदकाका मात्र पुतळ्यासारखे उभे. मग ते पुढं आले, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जीत गया तू. मायं तोंड बंद." मी तिथून पळाले आणि रोडग्यांच्या आराजवळ, धुरात जाऊन बसले, म्हणजे डोळ्यातून पाणी का येतंय असं कोणी विचारणार नाही. माझ्या सांगण्यानं माझा बाप जिंकला होता.

रोडगे निघाले. राख झटकून, कापडात चोळून, फोडून त्यावर तुपाची धार. वांग्याची भाजी अशी तिखट की कानातून वाफ यावी. एरवी बाबा चार रोडगे उडवायचे. त्या दिवशी पत्रावळ पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. लोक पाठीवर थापा मारत होते, "काय मुरडला डॉक्टरसाहेब, काय मुरडला!" बाबा हूं हूं करत होते. मग एकाएकी ते उठले, पत्रावळ हातात घेऊन, एकदोघांच्या पायांना ठेचकाळत, आवाजाच्या मागावर हमीदकाकांपाशी गेले आणि त्यांच्यासमोर मातीत फतकल मारून बसले.

"हमीद, कधी येऊ?"

"कुठी?"

"तुया टेबलावर."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. "अबे, तू तं जिंकला."

"काय कप्पाळ जिंकला!" बाबा असे ओरडले की सगळी पंगत थांबली. "टण्ण आयकू आलं फक्त. मुरडला म्हणते पोट्टी. मुरडला म्हणते वकीलसाहेब. सगळ्यायनं पाह्यला, मी सोडून! बाळापूरपासून कायच्यासाठी खेळून राह्यलो मी? जितासाठी? मले तो मुरडताना दिसलाच नाई, हमीद." आणि माझा बाप, तो खांद्यापर्यंत हात घालणारा, बैलाला एका हातानं आडवा पाडणारा माणूस, पत्रावळीवर टपटप रडायला लागला.

हमीदकाका काही बोलले नाहीत. तोंड बंद ठेवायची शपथ घेतली होती ना! त्यांनी आपल्या पुढ्यातला रोडगा तुपात बुडवला आणि बाबांच्या तोंडात कोंबला. दोघंही रडत होते, खात होते आणि एकमेकांना शिव्या देत होते. मी धुरातून उठले. माझ्या अंगावरून कोणीतरी जोंधळ्याचं पोतं उतरवून घेतल्यासारखं झालं. त्या दिवशी मी किती रोडगे खाल्ले ते सांगत नाही, लाज वाटते.

अमरावतीला ऑपरेशन झालं. आई आणि मी हमीदकाकांच्याच घरी राहिलो. चाची रोज डबा भरून द्यायच्या, आईसाठी वेगळ्या नव्या भांड्यात, तिनं न मागता. दोन दिवसांनी आईनंच ती भांडी बाजूला ठेवली आणि चाचींच्या ताटात जेवायला बसली. तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे पुढचे कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. आणि हा हुकूम देणारे हमीदकाका स्वतःच येऊन बाळापूरच्या मास्तरांच्या नकला करायचे. मग नर्स त्यांना खोलीतून बाहेर काढायची. बाबांना भीती वाटायची ती दुपारी. सगळं सामसूम झालं की ते माझा हात चाचपायचे. "शैले, आहे का?" आहे म्हटलं की विचारायचे, "या खोलीतलं पाणी कुठी जाईन सांग." मी खाटेवरून उतरून, फरशीला गाल लावून बघायची आणि सांगायची. दाराकडं बाबा, मग थोडं कपाटाकडं. "मुरडते?" मुरडते बाबा. मग त्यांना झोप लागायची. पू होईल का, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही. आई तेवढी जप करत बसायची, आणि मध्येच थांबून पट्टीकडं बघायची, डाग दिसतो का म्हणून.

पट्टी सोडली त्या सकाळी आईनं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी पिचली. काकांनी शेवटचा कापूस उचलला. बाबांनी डोळा किलकिला केला, मिटला, परत उघडला. मग बाबा म्हणाले, "हमीद, तुई दाढी तं पार पांढरी झाली बे. बुढ्ढा झाला तू." काका खाटेवरच बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आईनं जपमाळ कपाळाला लावली. मी भिंतीकडं तोंड करून रडले, हसले, नर्सनं दटावलं तरी थांबले नाही. एवढं हलकं मला पुढं लग्नात वाटलं नाही की पोरं झाली तेव्हा वाटलं नाही. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू नंतर निघाला, पण भीती निघाली ती त्याच सकाळी.

चष्मा मिळायला आणखी काही दिवस गेले. त्या काळी आत भिंग बसवत नसत, बाहेर बाटलीच्या बुडासारख्या काचा यायच्या. त्या लावून बाबा अकोल्याच्या घरी आले आणि दारातच अडखळले. उंबरा त्यांना गुडघ्याएवढा दिसत होता. चौकट कमानीसारखी वाकलेली, आई रांजणाएवढी मोठी, आणि फरशी म्हणे परातीसारखी मध्ये खोल. "ही कोणाची फरशी आणली बे?" असं म्हणत ते एक एक पाय उचलून टाकत बाहेरच्या खोलीच्या मधोमध आले. आई आदल्या दिवशीच पुढं येऊन सारं घर धुऊनपुसून बसली होती, दारात रांगोळी घातली होती. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. माठावरचा लोटा उचलला, बुडवला आणि काही कळायच्या आत लख्ख पुसलेल्या फरशीवर भडाभडा ओतला.

"अवं बाई, हे काय करता!" आई ओरडली.

बाबांनी ऐकलंच नाही. ते चारी पायांवर आले, गाल फरशीजवळ नेला, जाड काचांमधले डोळे केवढाले दिसत होते. पाणी थोडं सरळ गेलं, दोन फरश्यांच्या सांध्यापाशी घुटमळलं, आणि मग हळूच देवघराकडं वळलं. त्याच्यामागोमाग बाबा रांगत गेले, तोंड अर्धं उघडं, थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. "मुरडलं," ते म्हणाले. "शैले, मुरडलं! पाह्यलं म्या!"

आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ती आत गेली, भरलेली कळशी कमरेवर घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी ठेवून म्हणाली, "सांडा. अजून सांडा."